हलका माल

आत्याबाई आणि त्यांच्या वहिनी एकमेकींशी बोलत नसत, असं म्हणणं खरं नाही. दिवसभर बोलत. फक्त मध्ये एक माणूस लागायचा.

"होयबा, त्यांना सांग, पिंपाचं झाकण उघडं राहिलंय. चहाचा वास उडून जातोय."

"होयबा, त्यांना सांग, झाकण मीच उघडं ठेवलंय. गिऱ्हाईक वासाने आत येतं, झाकणं बघून नाही."

दोघींमधलं अंतर म्हणाल तर एकीने कोपर वळवलं की दुसरीच्या बरगडीत बसेल, एवढं. होयबा हातात मापटं धरून मध्ये उभा राहायचा आणि काहीच पोहोचवायचा नाही, कारण पोहोचवायला काही उरलेलंच नसायचं. नुसती मान एकदा इकडे, एकदा तिकडे. त्या चहाच्या दुकानात पेट्या उचलणं, पत्ती मिसळणं, पिंपं भरणं ही त्याची कामं. आणि कुणालाही नाही म्हणायचं नाही हा त्याचा स्वभाव. म्हणून होयबा. त्याचं खरं नाव फक्त दादांना माहीत होतं, आणि दादा त्या हिवाळ्यात गेले.

दादा म्हणजे आत्याबाईंचे थोरले भाऊ, वहिनींचे यजमान आणि दुकानाचे मालक. ते होते तोवर या दोघींना एकमेकींशी बोलायची वेळच आली नव्हती. वहिनी वरच्या मजल्यावर, घरात. आत्याबाई दिवसभर खाली, दुकानामागच्या खोलीत. मधला जिना दादा दिवसातून दहादा चढायचे-उतरायचे, तेवढ्यावर घर चाललं होतं.

मागच्या खोलीत एकच मोठी खिडकी होती. तिच्यातून ऊन कधी आत येत नसे, नुसता सारखा पांढरा उजेड यायचा, आणि त्या उजेडात ते टेबल. वर संगमरवराची लादी, कडेने पांढरे बिनकानाचे कप एका ओळीत, एक गॅसची शेगडी, वाळूचं घड्याळ, आणि खाली थुंकायची बादली. याच टेबलाशी आत्याबाईंचं सगळं आयुष्य गेलं. दुकानात येणारी प्रत्येक पेटी आधी त्यांच्या जिभेवरून जायची, मग पिंपात.

त्यांची ही जीभ वडिलांनी हेरली होती. लहानपणी तापात पडल्या असताना पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, आज दुसऱ्या भांड्यातलं पाणी दिलंय. खरंच भांडं बदललं होतं. वडिलांनी ताप उतरायचीसुद्धा वाट बघितली नाही, पोरीला उचलून टेबलाशी बसवलं. दादांना दोन चहांतला फरक कधी कळला नाही. गरम आणि गार एवढाच कळायचा. त्यामुळे मुलगा गल्ल्यावर आणि मुलगी टेबलावर, असं वडिलांनी ठरवून टाकलं. आपण ठरवतो तसं देवाच्याही मनात असेल, असं माणसाला वाटतं.

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ जमत आलं होतं. वडील त्यांना घेऊन बोलणी करायला मुलाच्या घरी गेले, तिथे चहा पुढे आला. आत्याबाईंनी एक घोट घेतला आणि अगदी साध्या मनाने सांगितलं, "पत्ती जुनी आहे. आणि साबणाच्या शेजारी ठेवली होती." मुलाच्या आईने कप काढून घेतला. बोलणी तिथेच संपली. घरी येताना वडील रागावले नाहीत, उलट रस्ताभर हसत होते. पुढे कुणी स्थळ आणलं नाही आणि आत्याबाईंनी विचारलंही नाही. चहा ओढताना तोंडातून निघणाऱ्या आवाजावरून गल्लीतल्या पोरांनी त्यांना सुर्रआत्या नाव ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. वाईट वाटत नसे. सुर्र केल्याशिवाय चहा टाळूपर्यंत पोहोचत नाही, हे पोरांना कुठून कळणार?

देव एखाद्याला एकच गोष्ट देतो आणि ती इतकी देतो, की बाकीच्यांना घरात जागा उरत नाही. आत्याबाईंच्या जिभेचं तसंच झालं. त्या जिभेला त्रास होतो म्हणून घरात लसूण शिजत नसे. कांदा शिजला तर खिडक्या उघडून. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा केसांना वासाचं तेल लावायच्या. दादांनी चार दिवसांत बाटली उचलून शेजारी देऊन टाकली. "बहिणीचं काम बिघडतं," म्हणाले.  मिठाची गुळणी धरून वहिनींनी संसार केला, मुली मोठ्या केल्या, दूर दिल्या. आणि दादा गेल्यावर महिना भरायच्या आत जिना उतरून खाली आल्या आणि गल्ल्यावर बसल्या.

आल्या त्या दिवशी वरच्या स्वयंपाकघरात त्यांनी लसणाची फोडणी केली होती. वास जिन्यावरून उतरून थेट टेबलापर्यंत आला. आत्याबाईंनी त्या दिवशी एकही कप चाखला नाही. चाखण्यासारखा उरलाच नव्हता.

खोटं कशाला बोला, गल्ल्यावर वहिनी चांगल्या होत्या. गिऱ्हाइकाचं घर, दुखणं, पोरगं, सगळं त्यांच्या लक्षात राहायचं. पण दुकान जुन्या पद्धतीने चालवायची त्यांची इच्छा नव्हती. तयार पुड्यांचा एक एजंट येऊ लागला होता. गुळगुळीत बोलणारा, हातात रंगीत पुड्या. पेटी नको, मिसळण नको, चाखणं नको. कारखान्यातून पुडी येणार, फळीवर लागणार, विकली जाणार.

"होयबा, त्यांना सांग," वहिनी एका सकाळी म्हणाल्या, "मागच्या खोलीतलं टेबल काढायचंय. तिथे थंड पेयांचं कपाट येणार आहे."

आत्याबाई तेव्हा कप पुसत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"होयबा, त्यांना सांग, टेबल माझ्या वडिलांचं आहे."

"त्यांना सांग, खोली माझ्या नवऱ्याची आहे. टेबल हवं तर घेऊन जावं. कुठे न्यायचं ते बघावं."

होयबाची मान दोन्हीकडे फिरली आणि मध्येच थांबली. कुणाला हो म्हणायचं ते त्याला कळेना.

कुठे नेणार? आत्याबाईंची झोपायची खोली वर होती, खाट आणि कपाट मावलं की संपली. आणि टेबल नसेल तर आत्याबाई कोण? वहिनींच्या घरात जेवणारी एक म्हातारी नणंद. हे दोघींनाही नीट कळत होतं. त्यासाठीच तर चाललं होतं सगळं.

मग आत्याबाईंनी शेवटची गोष्ट काढली. दादांनी जायच्या आधी एक पेटी बोलावून ठेवली होती, डोंगरावरच्या एका मळ्यातून, पहिल्या खुडीची. थंडी सरल्यावर झुडपांना जी पहिली कोवळी पानं फुटतात, तेवढ्याचीच. असा चहा दर वसंतात मोजका येतो. दादा दरवर्षी अर्धी पेटी आणायचे, ठरावीक लोक येऊन न्यायचे. यंदा बहिणीच्या हट्टावरून पूर्ण पेटी सांगितली होती.

"होयबा, त्यांना सांग, ती पेटी यायची आहे. येऊ दे. ती विकून दाखवते."

वहिनींनी जरा विचार केला. "बरं. त्या चहाच्या नावाने, त्या चहाच्या भावाने विकून दाखवा. खपली तर टेबल राहील. नाही खपली तर सुतार येईल, आणि मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

हे वाक्य मात्र वहिनींनी होयबाकडे न बघता, सरळ आत्याबाईंकडे बघून म्हटलं.

पेटी आली तेव्हा गल्लीतल्या झाडांना नवी पालवी फुटली होती. होयबाने खिळे उपसले, आतला चंदेरी कागद फाडला आणि बाजूला झाला. आत्याबाईंनी आदल्या रात्री नुसता भात खाल्ला होता. वर लसूण होता, म्हणून खोलीचं दार लावून, फटीला कापड लावून झोपल्या होत्या. सकाळी तोंड नुसत्या कोमट पाण्याने धुतलं होतं.

मूठभर पत्ती त्यांनी पांढऱ्या ताटलीत पसरली. नेहमीच्या काळ्या, बारीक, वाळूसारख्या चहाशी हिचं काही नातं दिसत नव्हतं. लांब, पिळदार, फुगीर पानं. काही तपकिरी, काही चक्क हिरवी, मधूनच एखादं रुपेरी लव असलेलं टोक. नाक जवळ नेलं. आधी वाळत घातलेल्या गवताचा वास आला आणि त्याच्या मागून, कुणीतरी दाराआड उभं असावं तसा, फळाचा.

पाण्याला खळखळून उकळी आली तसं त्यांनी भांडं उतरवलं आणि लगेच ओतलं नाही. कोवळ्या पानावर उकळतं पाणी ओतलं तर ते करपतं. पाण्याची खळबळ बसू दिली, मग ओतलं, झाकण ठेवलं, वाळूचं घड्याळ उलटं केलं. आणि रोज करायच्या तसं मनातल्या मनात म्हणाल्या, देवा, जीभ तुझी, चव तुझी, मी नुसती मध्ये.

चहा कपात उतरला. रंग म्हणजे रंगच नव्हता जवळजवळ. घासलेल्या पितळेवर ऊन पडावं, एवढाच. झाकण उचलून त्यांनी भिजलेल्या पानांवर नाक धरलं. हिरवं द्राक्ष सोलल्यावर बोटांना जो वास राहतो, तो. चमचा भरला आणि ओढला.

सुर्र.

जिभेच्या टोकाला गोड लागला. साखरेचं गोड नाही, पिकत आलेल्या फळाचं. मग गालांच्या आत बारीक चिमटा, जर्दाळूची साल दाताखाली आल्यावर बसतो तसा. आणि लगेच सगळं गेलं. जिभेवर काही बसलं नाही, घशाला काही चिकटलं नाही. पावलांचा आवाज न करता कुणी खोलीतून जावं, तसं. त्यांनी चहा बादलीत थुंकला, श्वास सोडला, आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर ते फळ परत आलं. पहिल्यापेक्षा स्पष्ट. आता पीच. आता द्राक्ष. आता, काय ते, फुलच म्हणा.

दुसरा चमचा त्यांनी ओढला आणि थुंकलाच नाही. गिळला. डोळे मिटून उभ्या राहिल्या. दादा गेल्यापासून त्या घरात बरं असं काही पहिल्यांदाच वाटत होतं. असा चहा त्यांनी आयुष्यात फार थोड्या वेळा चाखला असेल.

"आत्याबाई, कसा काय?" होयबाने दारातून विचारलं.

आत्याबाईंनी डोळे उघडले नाहीत. श्वासातलं फळ अजून गेलं नव्हतं, ते मोडू नये म्हणून माणूस जेवढं कमी बोलेल तेवढंच त्या बोलल्या.

"हलका," म्हणाल्या. आणि पुन्हा, जपून, "फार हलका."

इथे थांबून सांगायला हवं. त्या टेबलाची बोली वेगळी होती. टेबलावर भारी म्हणजे जो चहा जिभेवर दाबून बसतो, दूध घातलं तरी दबत नाही. हलका म्हणजे जो जिभेवर भार न टाकता निघून जातो, आणि वसंताच्या चहाला याहून मोठी शाबासकी नाही. पण बाहेर, गल्ल्यावर, तीच दोन नावं पिंपांवर होती. भारी माल म्हणजे महाग. हलका माल म्हणजे चुरा, भुकटी, गोणीच्या तळाचं, ज्याला जे परवडतं ते. आजवर गोंधळ झाला नाही, कारण मधल्या दारात दादा उभे असायचे. आतलं ऐकायचे आणि बाहेरच्या भाषेत सांगायचे. एवढं एकच काम त्यांना चांगलं जमायचं. दादा गेले, आणि मधलं दार नुसतं दार राहिलं.

होयबा बाहेर गेला. "काकू, आत्याबाई म्हणतात हलका आहे. फार हलका."

वहिनी सुटे पैसे लावत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी मागच्या खोलीकडे बघितलं. तिथे नणंद खिडकीत पाठमोरी उभी होती.

"असं म्हणाल्या? स्वतः?"

"हो."

"मग हलक्यात घाल."

होयबा कशाला नाही म्हणेल? त्याने पेटी उचलली, हलक्या मालाच्या पिंपात रिकामी केली आणि त्याच्या रिवाजाप्रमाणे हात कोपरापर्यंत आत घालून नीट एकजीव केली. त्याचं काम तो मन लावून करायचा. त्या दिवशी जरा कमी लावलं असतं तर बरं झालं असतं.

आत्याबाईंना वाटलं पेटी फडताळात गेली. एका छोट्या डब्यात त्यांनी आधीच थोडी पत्ती काढून ठेवली होती, आल्यागेल्याला चाखवायला. नेहमीचे ठरावीक लोक येतील म्हणून त्या पुढचे दिवस टेबल लखलखीत करून बसल्या. एक बाई आली होती, वहिनींनी बाहेरूनच वाटेला लावली. यंदा माल चांगला आला नाही म्हणे, आत्याबाई स्वतःच सांगताहेत. हे आत्याबाईंना पुढे कळलं.

आला तो शेजारचा चष्मेवाला, पण तो चहा घ्यायला नाही, भांडायला. तो बारा महिने हलका माल न्यायचा. दिवसभर दूध घालून, साखर घालून, उकळून उकळून प्यायचा. पुडी त्याने गल्ल्यावर आपटली.

"काकू, हे काय दिलंत? दूध घातलं तर चहा कुठे गेला तेच कळेना. दुधाला सर्दी झाल्यासारखा रंग आला."

"अजून जरा उकळायचा," वहिनी म्हणाल्या.

"उकळला. तर कडू. वर फुलाचा वास. मला काय अत्तर प्यायचंय का? माझा कारागीर म्हणाला, मालक, आज चहात साबण पडलाय. कारागिरासमोर लाज गेली माझी."

मागच्या खोलीत आत्याबाई हे ऐकत होत्या. फुलाचा वास म्हटल्यावर त्या उठल्या. बाहेर आल्या, पुडी उचलली, तळहातावर ओतली. काळ्या भुकटीत एक लांब हिरवट पान. त्याच्या शेजारी दुसरं. बोटाने उकरलं तर रुपेरी टोक.

त्या चालत हलक्या मालाच्या पिंपापाशी गेल्या, झाकण काढलं आणि दोन्ही हात आत घातले. ओंजळ वर आली. भुकटीत भुकटीसारखंच सगळं मळलेलं, आणि त्यात ती पानं, तुटलेली, चुरलेली. वासही भुकटीत दबला होता. होयबाने ते कसून मिसळलं होतं. आता देव खाली उतरला असता तरी ते वेगळं करू शकला नसता.

"अहो, मी संध्याकाळी येतो," चष्मेवाला म्हणाला. हवेत काहीतरी आहे हे त्याला चष्म्याशिवायही दिसलं असावं. पुडी तिथेच ठेवून तो गेला.

"कुणी घातलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी," होयबा म्हणाला.

"तुला नाही विचारलं." आत्याबाई वळल्या. हातांवर काळी भुकटी तशीच होती. "वहिनी, कुणी घालायला सांगितलं?"

इतक्या वर्षांत आत्याबाईंचं हे पहिलं वाक्य असं होतं, की मध्ये कुणी नव्हतं. होयबाला एकदम काय करावं कळेना. तो मापटं पुसू लागला.

"तुम्ही," वहिनी म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या. "हलका म्हणालात. फार हलका. दोनदा म्हणालात. मी हलक्यात घालायला सांगितलं. तुमचा शब्द मी आजपर्यंत कधी मोडला?"

"टेबलावर हलका म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे."

"कुठून माहीत असणार? टेबलाशी मला कधी बसवलंत?"

"दादा या चहाला हलका म्हणायचे."

"ते तुमच्याशी बोलायचे, वन्सं. घरी वर आले की झोपायचे." वहिनी गल्ल्यामागून उठल्या. "मला हलका या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे. तो मला याच घरात कळला, आले त्याच आठवड्यात. सासूबाई आणि तुम्ही आत बोलत होतात. मी दाराबाहेर होते, हातात धुणं होतं. तुम्ही म्हणालात, हलक्या घरची आहे, दिसतंच. सासूबाईंनी चूक म्हटलं नाही. तेव्हाही अशाच डोळे मिटून, जिभेवर घोळवून म्हणाल्या असाल."

 आठवत नाही म्हटलं असतं तर सोपं होतं. पण आत्याबाईंच्या जिभेला खोटं कधी जमलं नाही, ते स्थळ मोडलं तेव्हाही नाही.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आणि तेव्हा तो बाहेरचा अर्थ होता. पिंपावरचा."

होयबाने मापटं खाली ठेवलं आणि हळूच बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

"बघा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "आता तरी सरळ बोललात. मीपण सरळ सांगते. मला खरंच कळलं नव्हतं. आणि कळलं असतं, तरी घातला असता."

 भांडण संपलं असं नाही. बोलण्यासारखं तेवढंच होतं. पेटी गेली, म्हणजे टेबल गेलं. शब्द ठरला होता, आणि शब्दाने घोळ घातला म्हणून शब्दाला माफी मिळत नाही.

आत्याबाईंनी हात झटकले. "या आत. बसा."

"कशाला?"

"काय मिसळलंत ते तरी चाखा. मग सुताराला बोलवा. मी अडवणार नाही."

वहिनी नाही म्हणाल्या असत्या. पण त्या टेबलाशी बस असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्या आत गेल्या आणि दादांच्या स्टुलावर बसल्या. आत्याबाईंनी डब्यातली निम्मी पत्ती काढली. पाणी उतरवलं, बसू दिलं, ओतलं. वाळू खाली उतरेपर्यंत दोघी वाळूकडे बघत होत्या, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर एकमेकी दिसल्या असत्या.

"ओढून प्यायचा," आत्याबाई म्हणाल्या.

"मी माझ्या पद्धतीने पिते."

वहिनींनी एक घोट घेतला. मग दुसरा.

"चाखून झाल्यावर थुंकायचं असतं."

"मला गिळायची सवय आहे," वहिनी म्हणाल्या आणि तिसरा घेतला. आता मात्र त्या थांबल्या. कप खाली आणला, आत बघितलं. आत तर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पिवळसर पाणी. त्यांनी पुन्हा कप तोंडाला लावला आणि या वेळी सावकाश प्यायल्या, डोळे आपोआप मिटत आले. कपाळावरच्या आठ्या, ज्या आत्याबाईंनी या चेहऱ्यावर कायमच बघितल्या होत्या, त्या सुटल्या. वहिनी तशा दिसायला चांगल्या होत्या, हे आत्याबाईंना आज दिसलं आणि आवडलं नाही.

"फळासारखं लागतं," वहिनी म्हणाल्या. "गिळल्यावर लागतं. कुठलं फळ ते कळत नाही."

"जर्दाळू. आधी द्राक्ष."

"असेल." वहिनींनी कप रिकामा केला. तळाशी एक थेंब होता, तोही घेतला. "छान आहे."

आत्याबाईंना वाटलं, आता. त्यांना काय वाटलं ते त्यांनी मनातही पूर्ण होऊ दिलं नाही, पण वाटलं खरं.

वहिनी कपाकडेच बघत होत्या. "हे होय. हे दरवर्षी यायचं?"

"दरवर्षी."

"तुम्ही दोघं इथे बसून हे प्यायचात."

"चाखायचो. काम होतं ते."

"मला वाटायचं, खाली बहीण-भाऊ काहीतरी कडू पितात, धंद्यासाठी. मला तर कीव यायची तुमची. थुंकायच्या बादलीचा आवाज वर यायचा तर मी म्हणायचे, बिचारी." वहिनी उठल्या. आठ्या परत आल्या होत्या, पण आता त्या जुन्या नव्हत्या. ताज्या होत्या, तापलेल्या. "केसांचं तेल टाकलं मी यासाठी. जिभेला चव येईल असं काही आयुष्यात शिजवलं नाही. आणि एक कप, वन्सं. जिना चढून एक कप वर कुणी आणला नाही. त्यांनी नाही आणि तुम्हीही नाही."

"तुम्ही कधी मागितला नाहीत."

"काय मागायचं असतं ते तरी माहीत हवं ना."

त्या बाहेर गेल्या. जाताना रिकामा कप त्यांनी टेबलावर ठेवला, आपटला नाही. आत्याबाईंना वाटलं, आपटला असता तर बरं होतं. चांगल्या चहाने माणूस निवतो, असं त्या कायम समजून होत्या. या चहाने वहिनी पेटल्या होत्या. इतकी वर्षं त्यांच्या रागाला नीट काही कारण नव्हतं. आज आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने, पाणी बसवून, ओतून ते दिलं होतं.

बाहेरून वहिनींचा आवाज आला. "होयबा, सुताराला निरोप दे. सकाळी लवकर ये म्हणावं."

"हो," होयबा म्हणाला.

सकाळी सुतार आला तेव्हा आत्याबाई टेबलाशी बसल्या होत्या. कप धुऊन, कागदात गुंडाळून खोक्यात भरले होते, एकच बाहेर ठेवला होता. डब्यात उरली होती तेवढी सगळी पत्ती त्यांनी किटलीत घातली होती. वर लसूण परतत होता. वासाचा त्यांना त्रास झाला नाही असं नाही. पण किटलीचं झाकण उचललं की त्यातूनही द्राक्ष येत होतं, वाट काढत.

सुताराने टेबलाचे पाय वाकून बघितले, लादी ठोकली. जडच होती. "आत्याबाई, उठताय ना? लादी आधी उतरवावी लागेल."

"मी पीत आहे," आत्याबाई म्हणाल्या. "थांब."

तो हत्यारांची पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकला. सुर्र ऐकून त्याला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. मग वासाने त्याची मान पुढे आली.

"वास झकास येतोय. मला मिळेल का एखादा कप? सकाळपासून काही घेतलं नाही."

"नाही," आत्याबाई म्हणाल्या.

गल्ल्यावरून वहिनी म्हणाल्या, "द्या त्याला. एक कप चहाने काय होतंय."

"संपला."

संपला नव्हता. किटलीत अजून एक कप होता, आणि सुताराला तो दिसत होता, कारण आत्याबाईंनी तो त्याच्यासमोरच ओतून घेतला. घाई केली नाही. प्रत्येक घोटानंतर श्वास सोडून वाट बघितली, फळ परत येईपर्यंत. वहिनी गल्ल्यामागे पैसे लावत होत्या आणि लावता लावता थांबत होत्या. सुतार पायांची अदलाबदल करत उभा राहिला. आणि आत्याबाई पीत राहिल्या, खिडकीच्या त्या पांढऱ्या उजेडात, अगदी एकट्या, तळाचा थेंब जिभेवर येईपर्यंत.